स्वित्झर्लंडमधील मिनारबंदी

प्रश्न : स्वित्झर्लंडसारख्या लोकशाही देशात मशिदींच्या मिनारांवर बंदी कशी आली, आणि न्यायालयाने ती रद्द का केली नाही?

उत्तर : तेथे १ लाख मतदारांच्या सह्या जमल्या, की राज्यघटना बदलण्याचा प्रस्ताव थेट जनमतास टाकता येतो. वांगेन बाय ओल्टेन या गावातील तुर्की संघटनेला आपल्या इमारतीवर जेमतेम ६ मीटरचा मिनार हवा होता. तो वाद उजव्या पक्षांच्या काही नेत्यांनी देशभर नेला. सरकार आणि संसद या दोघांचाही विरोध असताना २९ नोव्हेंबर २००९ रोजी ५७.५ टक्के मतदारांनी बंदीला कौल दिला. प्रचाराच्या भित्तिपत्रकावर राष्ट्रध्वज भेदून वर आलेले क्षेपणास्त्रांसारखे काळे मिनार आणि बुरख्यातील स्त्री होती. प्रत्यक्षात देशात मिनार होते अवघे चार, आणि त्यांतील एकावरूनही अजान दिली जात नव्हती. चर्चच्या मनोऱ्यांना हात न लावता एकाच धर्माच्या बांधकामावर घातलेली ही बंदी म्हणजे माझ्या मते उघड भेदभाव आहे. मात्र ती घटनेच्या ७२व्या कलमातच गेल्याने देशातील न्यायालयांना फारसा वाव उरला नाही. युरोपीय मानवाधिकार न्यायालयानेही २०११ मध्ये तक्रारी दाखल करून घेतल्या नाहीत, कारण तक्रारदारांना स्वतःला मिनार बांधायचा होता, असे दिसत नव्हते.