ऑपरेशन झालंय तरी पाळी चुकली आणि एका बाजूला दुखतंय: आज काय करायचं

ताई, वहिनींच्या कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनला (नसबंदीला) 6 वर्षं झाली म्हणून दिवस राहणारच नाहीत असं धरून चालू नका. पाळी 12 दिवस पुढे गेलीय, काळपट डाग दिसतायत, उजव्या ओटीपोटात कळ येतेय. हे अ‍ॅसिडिटीचं लक्षण नाही. कोपरखैरण्यात कुठल्याही मेडिकलमध्ये दिवस राहिलेत का ते बघायचं लघवी तपासणीचं किट मिळेल, आजच तपासा.

किटवर दोन रेघा आल्या, म्हणजे दिवस राहिलेत, तर सोनोग्राफीत गर्भ गर्भपिशवीत दिसेपर्यंत तो नळीतच (बीज पिशवीकडे नेणाऱ्या गर्भनलिकेत) आहे असं समजायचं. बांधलेली किंवा रिंग घातलेली नळी कधीकधी पुन्हा जुळते, नाहीतर तिथे बारीक वाट पडते. त्यातून शुक्रजंतू जातो, पण फलित बीज कितीतरी मोठं असतं. ते अडकून नळीतच रुजतं. अमेरिकेत 10,685 स्त्रियांच्या अभ्यासात ऑपरेशननंतर राहिलेल्या दर तीन गर्भांपैकी साधारण एक असा पिशवीबाहेरचा निघाला, आणि वर्षं उलटली तरी धोका कमी झाला नव्हता.

सोनोग्राफी योनीमार्गातूनच करून घ्या, पोटावरून लहान गर्भ सहज नजरेतून सुटतो. बीटा एचसीजी (गर्भ राहिल्यावर वाढणारं हार्मोन मोजणारी रक्ततपासणी) 48 तासांनी परत करतात, कारण एका आकड्यावरून सहसा काही ठरत नाही. आकडा 3500 च्या वर आणि पिशवी रिकामी असेल तर संशय बळावतो.

नळी फुटलेली नसेल, रक्तदाब नीट असेल, गर्भाचे ठोके नसतील आणि आकडा कमी असेल तर मेथोट्रेक्झेटचं (गर्भाची वाढ थांबवणाऱ्या औषधाचं) इंजेक्शन चालतं. चौथ्या ते सातव्या दिवसात आकडा किमान 15 टक्के उतरायला हवा. त्या काळात फॉलिक अ‍ॅसिड बंद. पण ज्यांना मूल नकोच आहे त्यांनी दुर्बिणीतून दोन्ही नळ्या काढून घेणं मला जास्त पटतं. दुसरी नळीही त्याच पद्धतीने बंद केलेली असते ना!

चक्कर, घाम, खांद्याच्या टोकाशी दुखणं (पोटातलं रक्त छाती आणि पोटामधल्या पडद्याला लागतं) यातलं काहीही झालं तर रिपोर्टची वाट बघू नका. 108 बोलवा, वाशीच्या महापालिका रुग्णालयात न्या, तोंडाने काही देऊ नका. रक्तगट निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांना अँटी-डी इंजेक्शनबद्दल (पुढे बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून देतात) विचारा.

ऑपरेशनचं प्रमाणपत्र, किटचा आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड एका फाईलमध्ये ठेवा. सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात ऑपरेशन झालं असेल तर ते फसल्याबद्दल भरपाई मिळते. निदान झाल्यापासून 90 दिवसांच्या आत अर्ज करायचा असतो.