तज्ज्ञाला विचारायचे, पण नेमके काय?

प्रश्न : मी हडपसर भागात २२ वर्षे फॅमिली डॉक्टर म्हणून काम करतो. एका ३४ वर्षांच्या गृहस्थांना दीड वर्षापूर्वी मी नैराश्यासाठी एस्सिटालोप्राम सुरू केले. आधी आराम पडला. मग झोप तीन तासांवर आली, बोलणे आणि खर्च वाढला, आणि काही आठवड्यांनी ते पुन्हा अंथरुणाला खिळले. असे दोनदा झाले. घरचे लोक ‘येरवड्याची (तिथल्या मनोरुग्णालयाची) वेळ आलेली नाही’ म्हणून मनोविकारतज्ज्ञाकडे जायला तयार नाहीत. रुग्णाला न पाठवता सल्ला घेता येईल का?

उत्तर : घेता येईल, आणि या परिस्थितीत तो घ्यायलाच हवा. मात्र आम्हा मनोविकारतज्ज्ञांकडे येणाऱ्या अनेक चिठ्ठ्यांवर ‘कृपया तपासून योग्य ते करावे’ एवढेच असते, आणि त्यातून आजार कळत नाही, फक्त डॉक्टर थकले आहेत हे कळते. (दोष आमचाही आहे, आमची उत्तरे बरेचदा औषधांच्या नावांपुढे जात नाहीत.)

तीन तास झोपूनही या गृहस्थांना थकवा वाटत नव्हता का, हे तुम्ही लिहिलेले नाही. निद्रानाशाचा रुग्ण दमलेला असतो, तर उन्मादाकडे, म्हणजे मनाच्या अतिउत्तेजित अवस्थेकडे झुकलेल्याला झोपेची गरजच भासत नाही. तसे असेल, तर ‘नैराश्य बरे का होत नाही’ असे विचारण्याऐवजी ‘हा द्विध्रुवीय आजार (नैराश्य आणि उन्माद असे चढउतार असलेला बायपोलर आजार) आहे का’ असे विचारा, कारण या आजारात मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाची जोड नसताना दिलेली नैराश्यविरोधी गोळी काही रुग्णांना उन्मादात ढकलू शकते. उत्तर मिळेपर्यंत डोस वाढवू नका, आणि एकदम बंदही करू नका. प्रत्येक चढउताराची तारीख, त्या वेळचा डोस, दारूचे प्रमाण, थायरॉइडचा अहवाल आणि रक्ताच्या नात्यात असा आजार आहे का, एवढे एका पानावर लिहून ठेवा, म्हणजे फोनवरची दहा मिनिटे पुरतील.

उद्या तज्ज्ञाने मूड स्थिर ठेवणारे लिथियम सुचवले, तर तुमची २२ वर्षांची ओळख कामाला येईल. समजा, या गृहस्थांचे गुडघे दुखत असतील आणि ते दुकानातून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक आणून घेत असतील, तर ते तज्ज्ञाला ठाऊक नसते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांप्रमाणेच ही वेदनाशामके रक्तातले लिथियम वाढवतात आणि विषबाधेपर्यंत नेऊ शकतात. म्हणून सुरुवातीलाच क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) व थायरॉइड तपासावे, आणि लिथियमची पातळी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी घेतलेल्या रक्तातच मोजावी. ती कोण मोजून घेणार आणि अहवाल कोण पाहणार, हे त्याच फोनवर ठरवा.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो, त्यामुळे ‘तुमच्याबद्दल एका तज्ज्ञांशी बोलणार आहे’ असे रुग्णाला सांगून संमती घ्यावी. डॉक्टरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर केस टाकणे म्हणजे सल्ला नव्हे, मग नाव झाकलेले का असेना.

फोनची मर्यादाही लक्षात ठेवावी. आत्महत्येचे विचार, अन्नपाणी सोडणे, भास किंवा हिंसक वागणे असल्यास त्याच दिवशी प्रत्यक्ष तपासणी हवी; त्यासाठी ससूनसारख्या सार्वजनिक रुग्णालयातही मनोविकार विभाग आहे. घरच्यांना स्पष्ट सांगा की मनोविकारतज्ज्ञाला दाखवणे म्हणजे येरवड्याच्या रुग्णालयात दाखल करणे नव्हे. त्यांना स्वतःला कोणाशी बोलायचे असेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध असतो.

फोनवर जे ठरेल ते तारीख घालून, सल्ला देणाऱ्याच्या नावासह त्याच दिवशी केसपेपरवर लिहा, कारण औषधाच्या चिठ्ठीवर सही तुमची असणार आहे, आणि रात्री दहा वाजता त्या घरातून फोन येईल तोही तुम्हालाच.