साल आधी ओळखून घे

अर्जुन झाडाच्या सालीच्या अर्कावर काम सुरू करतेयस, ऐकून फार बरं वाटलं. फक्त मंडईजवळून आणलेली पुडी थेट सॉक्सलेटमध्ये (गरम द्रावकानं अर्क काढायच्या उपकरणात) टाकू नकोस. अर्जुन आणि ऐन ही दोन्ही झाडं टर्मिनॅलिया या एकाच प्रजातीतली (जीनसमधली). पूड झाली की नुसत्या डोळ्यांनी खात्री देता येत नाही. झाडावर मात्र फरक चटकन कळतो: अर्जुनाची साल गुळगुळीत, करडी, ऐनाची सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. म्हणून साल झाडावरूनच घे, पानाफळांसकट फांदी दाबून वाळव आणि पुण्यात कोरेगाव रोडच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाकडून ओळख पटवून नमुना क्रमांक घे. या एका क्रमांकावाचून माझी सहा महिन्यांची मेहनत वाया गेली होती, अजून जीव हळहळतो.

पावसाळ्यात साल बुरशी धरते, थंडीतच गोळा कर.

सालीत टॅनिन भरपूर. ते प्रथिनांना चिकटतं, त्यामुळे एसीई (रक्तदाब वाढवणारं) एन्झाइम थंडावलेलं दिसलं तरी हुरळू नकोस. टॅनिन काढलेला अर्कही शेजारी लावून बघ. पेशींवर जाशील तेव्हा (एच९सी२ या उंदराच्या हृदयाच्या पेशी गणेशखिंडीतल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडून माग) नुसत्या डीएमएसओचा (अर्क ज्यात विरघळवतो त्या द्रावकाचा) तुलनेसाठी कंट्रोल प्रत्येक प्लेटवर हवाच.