थंड डोक्याच्या सल्लागाराचं कुणी का ऐकावं?

प्रश्न : ताई, पुरुषोत्तम करंडकसाठी एकांकिका लिहितोय. त्यात सेनापतीचा एक सल्लागार आहे, एकदम हिशेबी, माणसं म्हणजे त्याला पटावरची प्यादी. पण तालीम बघणारे म्हणतात, हा नुसता रोबो वाटतो, याचं कुणी ऐकेल कशाला? मोठमोठी भाषणं दिली तरी फरक नाही. काय करू?
– एक विद्यार्थी, सदाशिव पेठ

उत्तर : अरे, ती भाषणं आधी काढून टाक. हिशेबी माणूस समोरच्याला बोलू देतो कारण त्याला माहिती हवी असते, आणि ज्याचं कुणी कधी नीट ऐकूनच घेतलं नाही अशा सरदाराला तेवढ्यानंच तो जवळचा वाटायला लागतो.

विशाखदत्ताचं 'मुद्राराक्षस' हे संस्कृत नाटक वाचलंयस का? नसेल तर आधी वाच, भाषांतर चालेल. त्यातला चाणक्य इतका कोरडा की स्वतःच्या चंद्रगुप्ताशी भांडणसुद्धा ठरवून, खोटं खोटं करतो. शत्रूचा अमात्य, म्हणजे मंत्री, त्याचं नावच राक्षस; त्याला मारायचं चाणक्याच्या मनात नाहीये, तो आपल्या बाजूला हवाय, आणि पैशानं किंवा धाकानं तो वळणार नाही हे त्याला पक्कं माहितीये, म्हणून तो राक्षसाच्या बायकापोरांना आसरा देणाऱ्या चंदनदासाला पकडतो, पार वधस्थानापर्यंत नेतो आणि मग अट घालतो की मित्र वाचवायचाय ना, चंद्रगुप्ताचं अमात्यपद घे. म्हणजे राक्षस सापडला कशात, तर स्वतःच्या चांगुलपणात! समोरच्याचा जीव कशात अडकलाय हे चाणक्याइतकं कुणालाच कळत नाही, आणि राक्षसाच्या स्वामिनिष्ठेचं कौतुकही तो पहिल्याच अंकात अगदी मनापासून करतो.

अजून एक, आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं. तिसऱ्या अंकात कंचुकी, म्हणजे राजवाड्यातला सेवक, चाणक्याचं घर बघतो. गोवऱ्या फोडायचा दगड, दर्भाची रास, वाळत घातलेल्या समिधांनी वाकलेलं छप्पर, पडक्या भिंती. राजे बसवणारा-उठवणारा माणूस असा राहतो! ज्याला स्वतःसाठी काहीच नकोय त्याच्यावर संशय घ्यायचा तरी कशावरून? तुझ्या सल्लागाराला काय नकोय ते आधी ठरव.

आणि सैनिकांसमोर त्याला एकदा खरं बोलू दे. सेनापती म्हणतोय सगळे सुखरूप परत याल, हा म्हणतो नदी ओलांडताना बरेच जण जातील. तो सीन लवकर घे, म्हणजे शेवटाकडे तो जे एकच खोटं बोलेल त्यावर स्टेजवरचेच काय, प्रेक्षकसुद्धा विश्वास ठेवतील.