वाचकांचे प्रश्न : ‘दिसोलुसिओन’चे इंग्रजी काय करावे?

प्रश्न : मी पुण्यात स्पॅनिशमधून इंग्रजीत तांत्रिक भाषांतरे करते. स्पेनमधील एका प्रयोगपुस्तिकेत ‘दिसोलुसिओन’ हा शब्द वारंवार येतो. मी सगळीकडे ‘डिसोल्यूशन’ असे लिहिले, तर तपासणाऱ्या रसायनतज्ज्ञांनी अर्ध्याअधिक जागा लाल करून मजकूर परत पाठवला. शब्द तर सरळ दिसतो, मग माझे चुकले कोठे?

उत्तर : आपल्याला चकवले ते शब्दाच्या रूपाने. स्पॅनिशमध्ये, विशेषतः स्पेनच्या पाठ्यपुस्तकांत, ‘दिसोलुसिओन’ हा एकच शब्द विरघळण्याच्या क्रियेलाही वापरतात आणि त्या क्रियेतून तयार झालेल्या द्रावणालाही. इंग्रजीत मात्र क्रियेला ‘डिसोल्यूशन’ आणि द्रावणाला ‘सोल्यूशन’ म्हणतात. मराठीत ‘विरघळणे’ आणि ‘द्रावण’ हे शब्द वेगळे असल्यामुळे हा भेद आपल्याला खरे तर सहज कळायला हवा. म्हणून प्रत्येक वाक्य आधी मनात मराठीत म्हणून पाहावे. जे बाटलीत भरता येते, ओतता येते, ज्याची संहती, म्हणजे त्यात विरघळलेल्या पदार्थाचे प्रमाण, मोजता येते, ते द्रावण, म्हणजे ‘सोल्यूशन’. जिथे वेग मोजला जातो किंवा औषधाची गोळी किती वेळात विरघळते याची चाचणी घेतली जाते, तिथे ‘डिसोल्यूशन’ बरोबर आहे. एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा : ‘कालोर दे दिसोलुसिओन’ ही क्रियेची उष्णता असली, तरी इंग्रजीत रूढ शब्दप्रयोग ‘हीट ऑफ सोल्यूशन’ असाच आहे.

‘दिलुइर’ हे क्रियापदही असेच फसवे आहे. रसायनशास्त्रात त्याचा अर्थ द्रावणात आणखी द्रावक घालून ते विरल करणे असाच आहे. पण रोजच्या स्पॅनिशमध्ये पुडीतली पूड पेलाभर पाण्यात विरघळवण्यालाही तेच क्रियापद वापरतात. अशा जागी ‘डायल्यूट’ लिहिले, तर इंग्रजी वाचक अडखळतो. ताक पातळ करतात आणि साखर विरघळवतात, हे आपल्या स्वयंपाकघरातही कोणी एक मानत नाही. तिथे ‘डिझॉल्व्ह’च हवे.

सर्वांत जपून हाताळावे असे वाक्य पुढच्या धाटणीचे असते : ‘5,844 ग्रॅम सोडिअम क्लोराइड पाण्यात विरघळवून 1 लिटरपर्यंत एनरासार करावे.’ यातला स्वल्पविराम हे स्पॅनिश दशांशचिन्ह आहे. इंग्रजीत तो तसाच राहिला, तर 5.844 ग्रॅमचे जवळजवळ सहा किलो होतात, म्हणून आकडे शब्दांइतक्याच काळजीने तपासावेत. ‘एनरासार’ म्हणजे खुणेपर्यंत द्रव भरणे. ही खूण ‘मात्रास आफोरादो’ या चंबूच्या मानेवर कोरलेली असते आणि इंग्रजीत या चंबूला ‘व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क’ म्हणतात. ‘1 लिटर पाण्यात विरघळवा’ असे भाषांतर केले, तर कृतीच बदलते. मिठाच्या एवढ्या थोड्या प्रमाणात फरक नगण्य राहील, पण साखरेचा 1 मोल, म्हणजे सुमारे 342 ग्रॅम, 1 लिटर पाण्यात घातल्यास द्रावण 1.2 लिटरच्या आसपास भरते आणि त्याची संहती 1 मोलार (लिटरमागे 1 मोल) न राहता सुमारे 0.83 मोलारवर येते. इंग्रजीत ‘एनरासार’साठी ‘मेक अप टू द मार्क’ हा प्रयोगशाळेतला नेहमीचा शब्दप्रयोग आहे, तोच वापरावा.

‘पोको सोलूब्ले’ (कमी विरघळणारा) हा शब्दप्रयोग औषधांच्या मजकुरात आला, तर अंदाजाने शब्द निवडू नये. औषधसंहितांच्या इंग्रजीत ‘स्पेरिंगली सोल्यूबल’ म्हणजे एक भाग पदार्थाला 30 ते 100 भाग द्रावक लागणे आणि ‘स्लाइटली सोल्यूबल’ म्हणजे 100 ते 1000 भाग लागणे. मूळ मजकुरात आकडा दिलेला असेल, तर त्यावरूनच शब्द ठरवावा. नसेल, तर लेखकाला विचारावे.

शेवटी ‘रिकेसा’. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या बाटलीवर ‘रिकेसा 37 %’ असे असल्यास तिथे श्रीमंतीचा काहीही संबंध नसतो. 100 ग्रॅम द्रावणात 37 ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड आहे, एवढाच त्याचा अर्थ. ते इंग्रजीत वस्तुमानाच्या टक्केवारीत लिहावे आणि ‘बाय मास’ हे शब्द गाळू नयेत.