ढोल-ताशा पथकात नवीन आलायस ना, मग हे ऐक

अरे ढोल कमरेला बांधायची घाई नको, आधी नुसता ताशा ऐक, कारण ताशेवाल्याने हात (म्हणजे ठेका) बदलला की अख्ख्या रांगेने त्याच क्षणी बदलायचं असतं. दोर ओढून ढोलाचं पान (ज्यावर वाजवतो तो पडदा) ताणायलाही शीक, टिपरू (ढोल वाजवायची काठी) मारायला काय कोणीही शिकवेल. पुण्यात नदीपात्रात सरावाला आयटीवाले, कॉलेजची पोरं, गृहिणी सगळे एका रांगेत असतात, मुली ढोल वाजवतात, पूर्वी मिरवणुकीत हे चित्र नव्हतं. १८९३ नंतरच्या सार्वजनिक गणपतीत मेळे (गाणी सादर करणारे गट) असायचे, गाण्यातून राजकारण चालायचं आणि ते सरकारला खुपायचं. आता शब्द गेले, दणदणाट उरला, तोही कधीकधी अतीच होतो (पथकात राहूनच म्हणतोय). हॉस्पिटलजवळ थांबायला सांगितलं तर कुरकुर करू नकोस, आणि लक्ष्मी रोडवर आवाज जाम घुमतो, कानात कापूस घालच.