'स्वाधीन' म्हणजे नेमकं कुणाच्या अधीन?

फोंड्याच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. सामाजिक न्यायावरच्या इंग्रजी निबंधाचा अनुवाद करताना 'इक्वॅलिटी ऑफ पर्सनल ऑटोनॉमी'साठी त्यांनी 'वैयक्तिक स्वायत्ततेची समानता' असं लिहिलं. पण वाचताना एखाद्या महामंडळाबद्दल चाललंय असं वाटतं, म्हणून 'स्वाधीनता' चालेल का?

नाही चालणार. हिंदीत चालेल, मराठीत तो शब्द केव्हाच उलटा फिरलाय. चोराला पोलिसांच्या स्वाधीन करतात, गावी जाताना किल्ल्या शेजाऱ्यांच्या स्वाधीन करतात. 'स्व' नावापुरता उरला. म्हणून तर दुसऱ्यावर अवलंबून असलेल्या माणसाला आपण 'परस्वाधीन' म्हणतो. पर आणि स्व एकाच खाटेवर!

'मुखत्यार'चीही तीच गत. मूळ अरबीत ज्याला निवडीचा अधिकार आहे तो मुखत्यार. 'अखत्यार' हा त्याचा सख्खा भाऊ. व्यवहारात मात्र मुखत्यार म्हणजे दुसऱ्याच्या वतीने सही ठोकणारा. पेडण्याच्या आमच्या मावशीने सावंतवाडीकडच्या माहेरच्या जमिनीचं कुलमुखत्यारपत्र भावाला लिहून दिलं. त्यात नेहमीचं वाक्य होतं, 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून देते'. घरी आल्यावर चहा ओतता ओतता म्हणाली, "अक्कलहुशारी वकिलाची, राजीखुशी भावाची. माजी फकत सय." म्हणजे माझी फक्त सही.

तुमच्या निबंधाचा मुद्दा हाच असावा. गोव्यात 1867 चा पोर्तुगीज नागरी कायदा अजून लागू आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामायिक, निम्मी निम्मी. वाटा सारखा झाला. घर विकायचं की नाही हे ठरवताना दोघांचा शब्द सारखा चालतो का, हा वेगळा प्रश्न. 'समानता, पण कशाची?' असं अमर्त्य सेन यांनी 1979 च्या व्याख्यानात विचारलं होतं, ते याच अंगाने.

'मोकळीक', 'मुभा' हे शब्द सोपे आहेत, पण इथे घेऊ नका. ते कुणीतरी द्यावे लागतात. "सुनेला आम्ही पूर्ण मोकळीक दिलीय" हे वाक्य बोलणारी व्यक्ती कुठे बसलेली असते ते आठवा.

उरतो तुमचाच 'स्वायत्त', आणि तो वाटतो तितका सरकारी नाही. 'आयत्त' म्हणजे अधीन, हातातलं. 'वेणीसंहार' या संस्कृत नाटकात सूतपुत्र म्हणून हिणवलं गेल्यावर कर्ण म्हणतो की कुळातला जन्म 'दैवायत्त', पण पौरुष 'मदायत्त', माझ्या हातातलं. म्हणजे आयत्त असण्या-नसण्याचा हा झगडा आपल्याकडे माणसाचाच होता. महाविद्यालयं आणि मंडळं त्यात मागाहून शिरली. ग्रीकांचा 'ऑटोनॉमी' उलट वाटेने आला. आधी तो नगरराज्यांचा होता, अठराव्या शतकात जर्मन तत्त्वज्ञ कांटने तो माणसाच्या इच्छाशक्तीला लावला.

तेव्हा शब्द ठेवा, विभक्ती बदला. 'स्वायत्ततेची समानता' म्हटलं की दोन भाववाचक नामं एकमेकांवर आपटतात. 'वैयक्तिक स्वायत्ततेतील समानता' म्हटलं की कोणत्या बाबतीत समानता ते कळतं. हे शीर्षकात आणि पहिल्या उल्लेखात पुरे. पुढे सरळ क्रियापदाकडे वळा: 'आपल्या आयुष्याचं आपण ठरवणं प्रत्येकाला सारखंच जमलं पाहिजे'. 'जमलं'च लिहा. 'ठरवण्याचा हक्क' लिहिलंत तर तो मावशीलाही होता.